चाकावरचं घर, वाटेवरचे सोयरे

महाराष्ट्रात सेलू दोन आहेत. एक परभणी जिल्ह्यातलं, मनमाड-परभणी रेल्वेमार्गावरचं. दुसरं आमचं, वर्धा जिल्ह्यातलं. रेल्वे आम्हालाही आहे, पण स्टेशनचं नाव 'सेलू रोड'. म्हणजे इथे उतरा आणि पुढचं तुमचं तुम्ही पाहून घ्या. या दोन सेलूंपायी आमच्या लग्नपत्रिका, कुरिअरची पाकिटं आणि क्वचित एखादा पाहुणाही परभणीकडे जाऊन आलेला आहे. त्यामुळे सकाळी यायचं मोटरहोम दुपार टळली तरी आलं नाही, तेव्हा घरात कुणीच घाबरलं नाही. बाबांनी ड्रायव्हरला फोन लावला.

"दादा, खाली उतरा अन् कोणालेही विचारा, जिल्हा कोणता म्हणून."

पलीकडे थोडी विचारपूस झाली. मग ओशाळलेला आवाज आला, "काका, परभणी म्हणतायत."

"मंग बरोबर आहे. या तिथून. तीनशेच्या वर किलोमीटर आहे. आम्ही जेवून घेतो."

गाडी पुण्याहून भाड्याने मागवली होती. कल्पना माझ्या मुलीची. तिने मोबाइलवर कुठल्यातरी गोऱ्या कुटुंबाला मोटरहोममधून डोंगरदऱ्या हिंडताना पाहिलं आणि दिवाळीच्या सुट्टीत आपणही असंच जायचं, असा ठराव मांडला. अशा ठरावाला घरात अनुमोदन मिळत नाही. या वेळी ते थेट बाबांकडून आलं, कारण बाबांनी हिशेब केला होता. आम्ही सात माणसं: बाबा, आई, बाबांची थोरली बहीण म्हणजे आत्या, मी, बायको आणि दोन पोरं. सात माणसांना हॉटेलात तीन खोल्या, वर गाडीचं भाडं, वर दोन वेळचं जेवण. "त्यापरीस घरच घेऊन जाऊ ना बापा," बाबा म्हणाले. शिवाय राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलेलं आहे, हे त्यांनी पेपरात वाचून ठेवलं होतं. सरकारचं धोरण आहे म्हटल्यावर आईचाही विरोध मावळला.

गाडी रात्री पोचली. ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधलेली, पांढरी, उंच. आत मागे मोठा पलंग, मध्ये बाकं उलगडून होणारी दुसरी खाट, ड्रायव्हरच्या डोक्यावर माळ्यासारखी तिसरी. विजेची शेगडी, छोटा फ्रीज, टीव्ही, पाण्याची टाकी, छपरावर सोलरची पाटी. कागदोपत्री सहा माणसांची सोय. धाकटा माणसात मोजायचा की नाही, यावर तडजोड झाली होती.

सकाळी गल्ली गोळा झाली. देशातल्या आकाराने लहान व्याघ्र प्रकल्पांपैकी एक, बोरचा, आमच्याच तालुक्यात आहे. बाहेरच्या गाड्या त्यामुळे सेलूला नव्या नाहीत. त्या हिंगणीकडे वळतात, आम्ही वाट सांगतो, त्या जातात. ही मात्र आमच्या दारात उभी होती आणि तिच्यात घर होतं. प्रत्येकाने पलंग दाबून पाहिला, फ्रीज उघडून पाहिला, टीव्हीकडे सभ्यपणाने नजर टाकली. या सगळ्या प्रस्तावना होत्या. मूळ प्रश्न शेवटी हळूच यायचा.

"अन् ते कुठी आहे?"

ते म्हणजे संडास. ड्रायव्हर प्रत्येकाला एक अरुंद दार उघडून दाखवायचा. आत बसता येईल एवढी जागा, वर फवारा, खाली प्लॅस्टिकचं आसन. पाहणारा मान डोलवायचा, बाहेर यायचा आणि थोडा विचार करून पुन्हा आत जायचा. शेवटी शेजारचे काकाजी बोलले. ते जन्मभर ग्रामपंचायतीच्या राजकारणात होते, मुद्द्याचं बोलायची त्यांना सवय.

"पण मंग ते जाते कुठी?"

ड्रायव्हरने समजावून सांगितलं. खाली पेटी असते. ती भरली की बाहेर काढायची, योग्य जागी नेऊन रिकामी करायची, धुवायची आणि परत बसवायची.

"रिकामी कोण करते?"

ड्रायव्हरने बाबांकडे पाहिलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी बायकोकडे पाहण्याआधीच ती आत निघून गेली होती. दोन मिनिटांत निर्णय झाला, तो सर्वानुमते: संडास वापरायचा नाही. रस्त्यात पेट्रोल पंप आहेत, ढाबे आहेत, सोयरे आहेत. दुपारपर्यंत त्या जागेत कणकेचा डबा, तुरीच्या डाळीची पिशवी, कांदे, ठेच्याची बरणी आणि वर्ध्याहून आणलेली गोरसपाकची पाकिटं रचली गेली. पाकिटं बरीच होती, कारण ती ज्यांच्यासाठी होती ते बरेच होते. बायको हळू आवाजात म्हणाली की कसंही असलं तरी शेवटी तो संडास आहे, त्यात खायचं कसं ठेवायचं? आत्याने तिचा प्रश्न एका वाक्यात निकाली काढला.

"वापरलाच नाही तं संडास कसा होईन?"

तालीम म्हणून पहिली रात्र घरासमोरच काढायची ठरली. घराच्या दारात उभ्या असलेल्या दुसऱ्या घरात झोपायचं, याचं पोरांना भारी अप्रूप. खाटांची वाटणी वयाप्रमाणे झाली. मागचा पलंग आई-बाबांना, मधली खाट आत्याला, माळा पोरांना, उरलेल्या फटीत आम्ही दोघं. सगळे आडवे झाल्यावर आत्याने विचारलं, आपले पाय कोणत्या दिशेला आहेत? पाय दक्षिणेला होते. ड्रायव्हरला घरातल्या दिवाणावरून उठवून गाडी गल्लीत उलटी लावावी लागली. रात्रीच्या शांततेत ती मागे घेताना जो पीं-पीं आवाज झाला, त्याने ज्यांची गाडी पाहायची राहिली होती तेही पाहून गेले.

चाकावरच्या घराचं वास्तुशास्त्र फार अवघड असतं. घर एका जागी राहिलं तर दिशा राहतात. आमच्या गाडीचं दार डाव्या अंगाला. शिर्डीच्या वाटेला लागली की ते दक्षिणेला उघडायचं, परत फिरली की उत्तरेला. आत्याने यावरून नियम बसवला: जाताना जे बिघडेल ते वास्तूमुळे, येताना जे बिघडेल ते आपल्या कर्मामुळे.

त्या रात्री एकेक जण पाणी प्यायला, नाहीतर अन्य कामाला उठला, घरात गेला आणि परत आला नाही. पहाटे पाहतो तर सगळं कुटुंब घरात, आपापल्या नेहमीच्या जागी. आईने आपल्या दिवाणाकडे अपेक्षेने पाहिल्यावर ड्रायव्हर समजला. शहाणा माणूस होता. उठला, गाडीत गेला, दार लावलं, एसी लावला आणि मागच्या पलंगावर झोपला. या प्रवासाची घडी तिथेच बसली होती. आम्हाला ती बरीच पुढे गेल्यावर दिसली.

निघताना आधी केळझरला. पश्चिमेला जायचं असताना पूर्वेला जाऊन गणपतीला नमस्कार करायचा, हे सेलूच्या माणसाला सांगावं लागत नाही. केळझर म्हणजे महाभारतातली एकचक्रा नगरी, अशी आमच्याकडची श्रद्धा. भीमाने बकासुराचा गाडाभर भात वाटेतच स्वतः फस्त केला, तो इथला. देवळाच्या पायऱ्या उतरताना बाबांनी पोरांना ही गोष्ट सांगितली आणि वर म्हणाले, "पाहा, पाच भाऊ, सोबत आई, घर जळालेलं, वर्षानुवर्षं हिंडून राहिले. याच्याहून लंबा फॅमिली टूर झाला का कोणाचा?" धाकट्याने विचारलं, ते झोपायचे कुठे? बाबा म्हणाले, "एका बामणाच्या घरी उतरले होते." मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पांडवही मुक्कामाला कुणाच्या तरी घरीच उतरले होते.

येळाकेळीला समृद्धी महामार्गावर चढलो. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ला खुला झाला आणि जून २०२५मध्ये रस्ता पार ठाण्याजवळच्या आमण्यापर्यंत गेला, एकूण ७०१ किलोमीटर. या रस्त्यावर मोटारीला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. आमची गाडी ऐंशीच्या वर गेली की संडासातले डबे बोलायला लागायचे आणि आत्या "हळू, हळू" करायची. दोन्ही बाजूंना कुंपण. संत्र्याच्या बागा दिसतात, उतरता येत नाही. वेचणीला आलेला कापूस दिसतो, कुणाचा काय भाव लागला ते विचारता येत नाही. बाबांना असा रस्ता सोसत नाही. गावाची पाटी वाचावी, त्या गावचा कोण आपल्याबरोबर शिकायला होता ते आठवावं, तो आता कुठे आहे यावर आईशी वाद घालावा, याला ते प्रवास म्हणतात. इथे पाट्या होत्या त्या नुसत्या किलोमीटरच्या.

कंटाळून ते मागच्या पलंगावर आडवे झाले. ड्रायव्हरने आरशात पाहिलं.

"काका, गाडी चालू असताना झोपायचं नाही. बेल्ट लावून बाकावर बसावं लागतं."

"पलंग मंग कायले देला?"

"गाडी थांबल्यावर."

बाबांना हा युक्तिवाद पटला नाही. त्यांनी आमच्याच जिल्ह्याचा दाखला काढला. बाबा आमटे मूळचे हिंगणघाटचे. तरुणपणी त्यांच्याकडे सिंगर कंपनीची स्पोर्ट्स कार होती आणि तिच्या बैठकीला बिबट्याचं कातडं. पुढे पाठीच्या दुखण्याने त्यांचं बसणंच बंद झालं. एकतर उभं राहायचं, नाहीतर आडवं पडायचं. १९८५च्या डिसेंबरात 'भारत जोडो' कन्याकुमारीहून निघालं, तेव्हा तरुण मुलं सायकलींवर होती आणि आमटे गाडीतल्या खाटेवर आडवे, सोबत साधनाताई. "सारा भारत झोपून पाहिला त्या माणसानं," बाबा म्हणाले, "अन् तू मले कारंज्यापर्यंत झोपू देत नाही." ड्रायव्हर पुण्याकडचा, वाद घालणारा नव्हता. त्याने गाडी कडेच्या थांब्यात घेतली आणि बाबा बेल्ट लावून बसेपर्यंत हलवली नाही.

समृद्धीवर दुचाकी, ट्रॅक्टर, बैलगाडी चालत नाही, हे कळल्यावर तर बाबा आणखीच हळहळले. कारण विदर्भात चाकावरचं घर बैलांनीच ओढलं आहे. सामानाला बंडी, माणसांना रेंगी, बायकापोरांना वरून झाकलेली दमणी. खाली तणसाची गादी, मागे कडबा, आसाला टांगलेला कंदील, कोपऱ्यात शिदोरीचं गाठोडं. आत्याच्या लहानपणी अशाच गाड्यांच्या रांगा महाशिवरात्रीला ढग्याच्या यात्रेला निघायच्या आणि ज्यांना जमेल ते पार पचमढीच्या महादेवापर्यंत जायचे. वर्ध्याने तर यंत्र आणि बैल एकत्रही नांदवले. सेवाग्रामच्या आठवणींत जमनालाल बजाजांकडच्या एका जुन्या फोर्ड गाडीचा उल्लेख येतो. तिला पुढे बैल जुंपलेले असत आणि मंडळी तिला 'ऑक्सफर्ड' म्हणत. विलायतेला न जाता ऑक्सफर्ड पाहायची सोय तेव्हा फक्त आमच्याकडे होती.

या सगळ्या गाड्यांना एक गोष्ट ठाऊक होती, जी आमच्या गाडीच्या कंपनीला ठाऊक नव्हती. वाटेत सोयरे असतात.

पहिला फोन कारंजा लाडच्या थोडा अलीकडे आला. आईची मावसबहीण. आम्ही निघाल्याचं तिला कसं कळलं, हे विचारू नये. सेलूत मोटरहोम आलं ही बातमी गाडीच्या आधी कारंजाला पोचली होती.

"आमच्या गावावरून चालले म्हणते तुम्ही?"

"हो, पण जरा घाई आहे मावशी, पुढे…"

"बरं. समजलं आम्हाले."

मराठीत याहून मोठी धमकी नाही. पुढच्या उताराला गाडी समृद्धीवरून खाली उतरली.

मावशीने स्वयंपाक करून ठेवला होता. पाटवड्यांचा रस्सा, भाकरी, भात, वर गुळाची पोळी. जेवणं झाली, गप्पा झाल्या आणि झोपायची वेळ आली तेव्हा मी म्हणालो, आम्ही गाडीतच झोपू, त्यासाठीच ती आणली आहे. ओसरीवर शांतता पसरली. मावशीच्या यजमानांनी पानाचा डबा बंद केला.

"आमच्या दारात, आमचे पाहुणे, गाडीत झोपतीन? उद्या गावात तोंड कसं दाखवू मी?"

त्यांच्याजवळ तयार खाटा होत्या, धुतलेल्या चादरी होत्या, सुनेला खोलीतून बाहेर काढलेलं होतं. आम्ही घरात झोपलो. गाडी दारात उभी राहिली. तिच्यात ड्रायव्हर झोपला, मागच्या पलंगावर, एसी लावून.

मेहकरला आईच्या भावाचा साडू. सिंदखेडराजाला जिजाऊंचं जन्मस्थान पाहून निघणार तर बाबांचे जुने सहकारी. छत्रपती संभाजीनगरला मामा. नाशिकला आत्याची नणंद. प्रत्येक ठिकाणी तोच प्रवेश: गाडीचं कौतुक, ते कुठी आहे, ते जाते कुठी, मग गाडीत झोपायचा माझा अशक्त प्रस्ताव आणि त्यावर यजमानांचा अपमानित चेहरा. समृद्धीला गावागावांजवळ उतरायची सोय ठेवण्यामागे अभियंत्यांचा काही दुसरा हिशेब असेल. आमच्या घराण्यापुरती ती सोयऱ्यांच्या सोयीने ठेवलेली आहे, यात मला शंका नाही.

आम्ही प्रत्येक घरी गोरसपाकचं एक पाकीट द्यायचो. परतीची भेट त्याच्या चौपट. कुरडया, पापड, लोणच्याची बरणी, ब्लाउजपीस, टोपी-उपरणं. नाशिकला चिवडा आणि कांद्याची अख्खी गोणी. संडास भरला, मग फवाऱ्याखालची जागा भरली, मग माळा. नाशिकहून निघताना आत्याची नणंदही गाडीत होती, कारण तिला पंढरपूरला जायचं होतंच आणि "एवढी मोठी गाडी रिकामी चालली". तिला धरून आम्ही आठ झालो. रात्री बाबा वहीत हिशेब मांडत होते. हॉटेलचा खर्च शून्य. जेवणाचा जवळपास शून्य. ते समाधानाने वही मिटणार, तेवढ्यात माझी मुलगी म्हणाली, "आजोबा, मग गाडीचं भाडं आपण ड्रायव्हरकाकांच्या बेडरूमसाठी भरून राहिलो का?" बाबांनी ती बाजू वहीत मांडली नाही.

अमेरिकेतल्या माझ्या भाच्याला हे सगळं फोनवर सांगितलं तर तो हसत सुटला. तो दरवर्षी असं घर भाड्याने घेतो, यलोस्टोनला जातो. तिथे आखलेल्या जागा असतात. वीज, पाणी, सांडपाणी सोडायची सोय. रात्री दहानंतर आवाज करायचा नाही. शेजारचं कुटुंब हात हलवून हसतं आणि आपल्या घरात जातं. "दोन आठवड्यांत कोणी आमच्याकडे आलं नाही, आम्ही कोणाकडे गेलो नाही," तो अभिमानाने म्हणाला. आत्या शेजारीच बसून ऐकत होती. फोन ठेवल्यावर तिने काळजीने विचारलं, "काही भांडणगिंडण झालं का रे त्याचं तिथल्या लोकायशी?"

ही रीत मूळची विलायतेची. गॉर्डन स्टेबल्स नावाच्या डॉक्टराने १८८५मध्ये खास हौसेखातर फिरायला घोड्यांची घरगाडी बांधून घेतली आणि तिला 'वाँडरर' म्हणजे भटकी असं नाव दिलं. सोबत गाडीवान होता, नोकर होता. नोकर तीनचाकी सायकलवर पुढे जाऊन वाट मोकळी करायचा. साहेब गाडीत बसून लिहायचा आणि रात्री गाडीतच झोपायचा. साहेबाला इंग्लंड ते स्कॉटलंडच्या वाटेवर एकही मावशी नसावी.

मग कोकण आलं. कोकणात आमचं कुणी नाही. बाबांनी, आईने, आत्याने आणि नणंदबाईंनी आपापल्या स्मरणशक्तीवर ताण देऊन पाहिला, कुणी निघालं नाही. बायकोच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा सुट्टीचं हसू आलं. दापोलीजवळ महर्षी कर्व्यांच्या मुरूडला समुद्राकाठी गाडी लावली, बाजूची कनात पहिल्यांदा ओढून काढली, खाली टेबल-खुर्च्या मांडल्या. मोबाइलमधल्या गोऱ्या कुटुंबात आणि आमच्यात आता फक्त कांद्याच्या गोणीचा फरक होता.

स्वयंपाक गाडीत करायचा होता. बायकोने विजेच्या शेगडीवर कढई ठेवली, तेल तापलं, लसूण पडला आणि त्यावर वर्ध्याहून आणलेलं आईचं तिखट. गाडीच्या खिडक्या एसीसाठी बंद होत्या. पुढच्या क्षणी गाडीतला धुराचा भोंगा ओरडायला लागला आणि आतली सगळी माणसं खोकत, डोळे पुसत वाळूत येऊन उभी राहिली. शेजारच्या पर्यटकांनी आग लागली समजून पाण्याची बादली आणली. भोंगा बंद कसा करायचा ते ड्रायव्हरला ठाऊक नव्हतं, कारण त्याच्या गाडीत आजवर लोकांनी नूडल्स आणि अंडी केली होती. आत्याने मग तीन दगड मांडले, नारळाच्या झावळ्या पेटवल्या आणि भाकऱ्या थापल्या. संडास गेला होता, पलंग गेला होता, आता स्वयंपाकघरही गेलं. चाकं तेवढी आम्ही पुरेपूर वापरत होतो.

तरी झोपायचं राहिलं होतं आणि इथे अडवायला कुणी नव्हतं. संध्याकाळी धाकटा लाटांत शिरला. तो ऐकेना म्हणून आत्याने काठावरून हाक दिली, "काऊन बे पोट्ट्या, भिजून राहिला! निंघ बाहेर!"

समुद्राचा आवाज मोठा होता, पण 'काऊन' त्याला पुरून उरलं. वाळूवर फिरणारी पोरांची एक टोळी थांबली. त्यातला एक धावत आला. दापोलीला कृषी विद्यापीठात शिकणारा, मूळ गाव देवळी, वर्ध्यापलीकडचं.

"आजी, तुम्ही वर्ध्याकडच्या का?"

पुढच्या पाच मिनिटांत त्याच्या आईचं माहेर सिंदी रेल्वे निघालं. सिंदीला आत्याचे दीर. दिरांच्या शेजारी त्याचा मामा. आत्या त्याच्या मामाच्या लग्नात जेवली होती आणि त्या जेवणात वरणाला मीठ कमी होतं, हेही तिला आठवलं. पोरगा गहिवरला. तो जिथे भाड्याने राहत होता त्या घरमालकीणबाईंकडे आम्हाला घेऊन गेल्याशिवाय तो ऐकेना. वाडीतली वाट एवढी अरुंद की दोन्ही बाजूंचे चिऱ्याचे गडगे गाडीला हात लावून पाहत होते. बाई पाटावर बसून आमसुलं निवडत होत्या. त्यांनी गाडीकडे पाहिलं, आमच्या म्हाताऱ्यांकडे पाहिलं.

"गाडीत कशाला निजताय? ओटी मोकळी आहे की."

मला बायकोकडे पाहायचा धीर झाला नाही.

कोल्हापूर झालं, अंबाबाईचं दर्शन झालं, तांबडा-पांढरा झाला, त्यावर सावजी बरं की हे बरं यावर बाबांचं आणि हॉटेलवाल्याचं झालं. त्यात नवीन काही नाही. पंढरपूर मात्र कार्तिकीचं होतं. गाव माणसांनी भरलेलं, आणि बाहेरच्या मैदानावर दिंड्यांचे ट्रक. मोटरहोम पाहायचं असेल तर ते तिथे पाहावं. ट्रकवर ताडपत्री, कठड्यावर वाळत घातलेली लुगडी, एका बाजूला पाण्याची टाकी, खाली भट्ट्या आणि त्यांच्याभोवती पोळ्या लाटणाऱ्या बायकांचं रिंगण. विणेकऱ्याची पिशवी खिळ्याला. कोण कुठे झोपणार यावर चर्चा नाही आणि पाय कुणीकडे यावर तर नाहीच, कारण जिकडे जागा मिळेल तिकडे पाय.

शेजारच्या दिंडीतली एक म्हातारी आमच्या गाडीत डोकावली. पांढरी गाडी, आत रिकाम्या गाद्या.

"आजारी कोण हाय?"

कुणी नाही म्हटल्यावर तिला ते खरं वाटेना. मग एवढ्या गाद्या कुणाच्या? आत्या म्हणाली, "तुमच्याच. झोपा." त्या रात्री आम्ही एका मठाच्या ओवरीत पडलो, तिथेही नणंदबाईंची ओळख होतीच. गाडीत मराठवाड्यातल्या सहा म्हाताऱ्या झोपल्या. सगळ्या प्रवासात गाडीच्या सगळ्या खाटा भरल्या त्या एकदाच. पहाटे पाहतो तर त्यातल्या तिघी उतरून गाडीखाली घोंगडी टाकून झोपल्या होत्या. गादी फार मऊ, पाठ धरते, अशी त्यांची तक्रार. ड्रायव्हरला रात्र दिंडीच्या ट्रकवर काढावी लागली. त्याची तक्रार उलटी होती.

परतीला तुळजापूर, लातूर, नांदेड, यवतमाळ आणि वर्धा, सगळं एकाच ३६१ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गावर. हाच रस्ता पुढे सेलूवरून, केळझरवरून बुटीबोरीला जातो. बाबा खूश. पाट्या होत्या, गावं होती, आठवणी होत्या, वाद होते. दार उत्तरेला होतं. लातूरला कुणीतरी निघालं, नांदेडला निघालं, यवतमाळला तर चार घरं निघाली आणि त्यांच्यात कुणाकडे उतरायचं यावरून जे झालं ते अजून मिटलेलं नाही.

घरी आल्यावर ड्रायव्हरने यादी काढून गाडी तपासायला घेतली. चमचे, पडदे, चादरी. मग कांद्याची गोणी, पापड, कुरडया, सोलापूरच्या चार चादरी आणि एक पाळणा बाहेर काढल्यावर त्याला संडासाची पेटी सापडली. ती कोरी होती. त्याने ती उन्हात धरून दोनदा पाहिली. इतक्या वर्षांत अशी पेटी परत नेली नाही, म्हणाला, कंपनी विश्वास ठेवणार नाही, फोटो काढून घेतो.

मग त्याने मोबाइलवर कंपनीचा अभिप्रायाचा अर्ज उघडला आणि बाबांच्या हातात दिला. तारे द्यायचे होते. चालकाची वागणूक: पाच तारे. स्वच्छता: पाच. स्वयंपाकघर: बाबांनी आईच्या तिखटाची आठवण ठेवून चार दिले. त्याखाली प्रश्न होता, गाडीतली झोप कशी होती? बाबांनी चष्मा कपाळावर चढवला, मोबाइल परत ड्रायव्हरच्या हातात ठेवला आणि म्हणाले, "हे तुम्हीच भरा बा. पंढरपूरची रात्र सोडून लिहा."

त्याने पाच दिले.